परिव्राजक आणि आगगाडी

संन्याशाने पायी हिंडावे हा आपल्याकडील जुना प्रघात. आद्य शंकराचार्य पायी हिंडले, समर्थ पायी हिंडले. स्वामी विवेकानंद मात्र अशा काळात जन्मास आले की देशभर लोहमार्ग पसरले होते आणि तिकिटावाचून डब्यात पाऊल टाकण्याची सोय नव्हती. द्रव्यास स्पर्श करावयाचा नाही हा नेम एकीकडे, आणि द्रव्यावाचून न चालणारे वाहन दुसरीकडे. या दोहोंचा मेळ त्यांनी कसा घातला हे पाहू लागलो म्हणजे त्यांच्या चरित्राचा एक निराळाच पदर हाती लागतो.

त्यांचा जन्म कलकत्त्यास १२ जानेवारी १८६३ रोजी झाला. श्रीरामकृष्णांनी १८८६ च्या ऑगस्टमध्ये देह ठेवला आणि वराहनगरच्या मोडक्या घरात गुरुबंधूंचा पहिला मठ उभा राहिला. पुढे तीर्थाटन सुरू झाले ते प्रथम गुरुबंधूंच्या संगतीने; परंतु १८९१ च्या आरंभी मीरत येथे त्यांनी सर्वांचा निरोप घेतला. दिल्लीस पुन्हा गाठ पडली तेव्हा त्यांनी बंधूंना स्पष्ट बजावले की, माझ्या मागे कोणी येऊ नये. त्यांचे एकटेपण हे असे त्यांनीच मागून घेतलेले होते, आणि त्याची किंमत पुढे त्यांना पुरेपूर मोजावी लागली.

१८९२ साली लोकमान्य टिळक मुंबईहून पुण्यास परतत असता बोरीबंदर स्थानकावर त्यांच्या डब्यात एक संन्यासी चढले. पोचवावयास आलेल्या गुजराती गृहस्थांनी ओळख करून दिली आणि पुण्यात यांना आपल्याच घरी ठेवून घ्यावे अशी विनंती केली. आठ-दहा दिवस हा अतिथी टिळकांच्या घरी राहिला. नाव विचारले असता आपण संन्यासी आहोत एवढेच सांगे. एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रे, कमंडलू, एवढाच संसार. जवळ पैसा मुळीच नव्हता. पुढील गावचे तिकीट कोणी ना कोणी काढून देई. हे सारे टिळकांनीच मागाहून आपल्या आठवणीत नमूद केले आहे. आपल्या घरी कोण राहून गेले याचा उलगडा त्यांना शिकागोची वार्ता आल्यावर झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात स्वामीजी कोल्हापूरहून बेळगावास आले. प्रथम भाटे वकिलांकडे उतरले. जेवणानंतर त्यांनी विडा व तंबाखू मागितली तेव्हा घरची मंडळी चकित झाली, असे वकिलांच्या चिरंजीवांनी पुढे लिहून ठेवले आहे. (मला ही आठवण फार प्रिय आहे, थोरांची चरित्रे लिहिताना असल्या गोष्टी गाळण्याची खोड आपल्यास उगाच लागली आहे.) तेथून ते जंगलखात्यातील बंगाली अधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी गेले. एका गावी तीन दिवसांहून अधिक राहावयाचे नाही हा परिपाठ मित्रांच्या आग्रहापुढे टिकला नाही. मित्र व त्यांची पत्नी या उभयतांनी स्वामीजींपासून दीक्षा घेतली, आणि निघताना मित्रांनी मुरगावचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढून त्यांना गाडीत बसविले. घाटातून दूधसागराच्या अंगावरून उतरणारा तो लोहमार्ग १८८८ साली खुला झालेला, म्हणजे तेव्हा नवाच होता. मडगावी सुब्राय नायकांकडे मुक्काम ठेवून त्यांनी राशोलच्या सेमिनारीत ख्रिस्ती धर्मशास्त्राचे ग्रंथ अभ्यासिले.

तेथून म्हैसूर, त्रावणकोर, कन्याकुमारी, मद्रास. फेब्रुवारी १८९३ मध्ये हैदराबादेस भेट देऊन सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात त्यांनी पश्चिमेस जाण्याचा आपला हेतू प्रकट केला. मद्रासचे अळसिंग पेरुमाळ यांनी दारोदार हिंडून वर्गणी जमविली, खेतडीचे राजे अजितसिंह यांनी साहाय्य केले, आणि ३१ मे १८९३ रोजी स्वामीजींनी मुंबईचा किनारा सोडला.

येथून पुढे द्रव्य बाळगणे भाग पडले. पाठीस कोणी तिकीट काढणारा नव्हता. २५ जुलै रोजी ते कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हरला उतरले, ते थंडीने गारठून. कारण उबदार कपडे पुरेसे घेण्याचे कोणासच सुचले नव्हते. तेथून आगगाडी. रॉकी पर्वताच्या हिमनद्या आणि दऱ्या, मग दिवसच्या दिवस न संपणारे सपाट गवताळ प्रदेश, विनिपेग, आणि ३० जुलैच्या रात्री शिकागो. या गाडीत केट सॅनबॉर्न नावाच्या लेखिकेने त्यांस आपला पत्ता देऊन घरी येण्याचे निमंत्रण दिले. जुनी चरित्रे ही भेट शिकागो-बोस्टन गाडीत घालतात. पण बाईंनी स्वतःच्या पुस्तकात कॅनडाचीच गाडी म्हटली असल्याने मी तेच ग्राह्य धरतो.

शिकागोत कळले की सर्वधर्मपरिषद सप्टेंबरात आहे, प्रतिनिधी नोंदविण्याची मुदत उलटली आहे, आणि परिचयपत्रावाचून प्रवेश नाही. पैसा पाण्यासारखा चालला. राहणी स्वस्त म्हणून ते बोस्टनला गेले व तेथून त्यांनी त्या लेखिकेस तार केली. तिच्या घरून ओळखी वाढत हार्वर्डचे ग्रीक भाषेचे प्राध्यापक राइट यांच्यापर्यंत पोचल्या. परिचयपत्र त्यांनी दिले, आणि शिकागोचे तिकीटही त्यांनीच काढून दिले असे चरित्रकार सांगतात.

शिकागोस पोचतात तो परिषदेच्या कचेरीचा पत्ता हरवला. ती रात्र त्यांनी मालगाड्यांच्या आवारात काढली. कोणी म्हणतात रिकाम्या खोक्यात, कोणी म्हणतात वाघिणीत. सकाळी दारोदार विचारीत गेले तर मळलेली वस्त्रे व सावळा वर्ण पाहून लोकांनी दारे लावून घेतली. अखेर थकून रस्त्याच्या कडेला बसले असता समोरच्या घरातील हेल नावाच्या बाईंनी त्यांस आत नेले, जेवू घातले आणि परिषदेच्या कचेरीत पोचविले. ११ सप्टेंबरला जे घडले ते येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही.

त्यानंतर एकट्याने प्रवास करणे त्यांस जवळजवळ अशक्यच झाले. १८९७ साली परतल्यावर मद्रासच्या वाटेवरील एका लहान स्थानकात गाडी थांबणार नव्हती, तर लोक रुळांवर आडवे पडले.

तरीही आणखी एकदा तो योग आला. डिसेंबर १९०० मध्ये दुसऱ्या विदेशयात्रेहून ते कोणासही न कळविता मुंबईस उतरले आणि साहेबी पोशाखातच कलकत्त्याच्या गाडीत बसले. ९ डिसेंबरला रात्री बेलूर मठाशी पोचले तो फाटक बंद. कोणी साहेब आला आहे अशी वर्दी देण्यास आणि किल्ली आणण्यास माळी आत धावला. इतक्यात जेवणाची घंटा ऐकू आली. स्वामीजी फाटकावरून चढून आत उतरले व थेट पंगतीत जाऊन बसले. त्या रात्री मठात खिचडी होती. ती त्यांनी कित्येक दिवसांनी, मोठ्या आवडीने खाल्ली.