निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक लिहिणारे मास्तर : नोआ वेबस्टर

आपल्या मंडळातील बहुतेक घरांत मुले घरी मराठी, बाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढतात. संगणकावर इंग्रजी निबंध लिहिताना त्यांना एक अडचण हमखास येते. शाळेत शिकवल्याप्रमाणे 'कलर' शब्दात यू घातला, की त्याखाली लाल रेघ उमटते. मग प्रश्न येतो, चूक शाळेची की संगणकाची? खरे तर कोणाचीच नाही. शाळा इंग्लंडची रीत शिकवते आणि संगणक पुष्कळदा अमेरिकेची रीत धरून बसलेला असतो. ही अमेरिकी रीत रुजवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते नोआ वेबस्टर. डिक्शनरीमुळे त्यांचे नाव आपल्याला ठाऊक असते. पण कोशकार होण्याआधी ते शाळामास्तर होते, आणि साध्या घरातल्या मुलांना वाचायला कसे शिकवावे हाच त्यांच्या आयुष्याचा पहिला प्रश्न होता.

वेबस्टर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी कनेटिकट वसाहतीत, हार्टफर्ड गावाच्या पश्चिम भागात झाला. वडील शेतकरी. मुलाची अभ्यासाची ओढ पाहून त्यांनी शेत गहाण ठेवले आणि १७७४ साली त्याला येल कॉलेजात घातले. पुढच्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. त्या धामधुमीत नोआ १७७८ साली पदवीधर झाला. घरी परतल्यावर वडिलांनी आठ डॉलरची एक कागदी नोट हातावर ठेवली आणि आता तुझे तू पाहा, असे सांगितले. युद्धकाळात छापलेल्या त्या नोटांची किंमत दिवसेंदिवस घसरत होती, म्हणजे हाती आले ते आठ डॉलरही पुरते आठ नव्हते. वकिली शिकायची इच्छा होती, पण पैसा नव्हता. म्हणून तरुण वेबस्टर शाळेत शिकवू लागले. शिकवता शिकवता कायद्याचा अभ्यास करून १७८१ साली त्यांनी सनदही मिळवली; पण वकिली चालेना आणि पुन्हा शाळेचाच आधार घ्यावा लागला.

शाळा कसल्या, तर एकाच खोलीत लहानमोठी सगळी मुले दाटीवाटीने बसलेली. पुस्तके थोडी, तीही इंग्लंडहून आलेली किंवा तिकडच्या पुस्तकांवरून छापलेली. वाचन शिकवण्यासाठी टॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचे पुस्तक चाले. त्यात शब्दांची फोड जुन्या नियमाने केलेली असे. उदाहरणार्थ, 'क्लस्टर' हा शब्द सी-एल-यू आणि एस-टी-ई-आर असा तोडलेला. पहिला तुकडा मूल साहजिकच 'क्लू' असा वाचणार आणि पुढे अडखळणार. वेबस्टर यांनी एस हे अक्षर पहिल्या तुकड्यात घेतले आणि फोड 'क्लस' व 'टर' अशी केली. 'नेशन' या शब्दाचे जुन्या पुस्तकात तीन तुकडे होत, त्यांनी दोनच केले. कान जे ऐकतो तेच डोळ्याला दिसले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. बदल छोटा वाटतो, पण पहिल्यांदा वाचायला बसलेल्या मुलाची निम्मी भीती त्यामुळे गेली असेल.

न्यूयॉर्क राज्यातील गोशेन गावी शिकवत असताना त्यांनी या पुस्तकाचे काम केले आणि १७८३ साली ते हार्टफर्डला छापून आले. त्यांची योजना तीन भागांची होती. पहिल्या भागात अक्षरओळख आणि स्पेलिंग, १७८४ च्या दुसऱ्या भागात व्याकरण, १७८५ च्या तिसऱ्या भागात वाचनाचे उतारे. आज इंग्रजीच्या शिकवणीत शब्दसंग्रह, व्याकरण आणि वाचन अशी जी तीन कामे सांगतात, ती या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मास्तरांनी ओळीने मांडून दिली होती. व्याकरणाचे पुस्तक फार टिकले नाही. लिंडली मरे यांचे १७९५ चे व्याकरण पुढे सगळीकडे गेले. पहिला भाग मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याच्या निळ्या पुठ्ठ्यामुळे लोक त्याला निळ्या पाठीचे पुस्तकच म्हणत.

या पुस्तकाची मांडणी आपल्याला ओळखीची वाटेल. आधी मुळाक्षरे. मग 'बा, बे, बी, बो, बू' अशा ओळी, म्हणजे जवळजवळ आपली बाराखडीच. मुले त्या वर्गात एका सुरात म्हणत. मग एका तुकड्याचे सोपे शब्द, मग दोन तुकड्यांचे, मग तीन. शिवाय ज्या शब्दांत जोर एकाच ठिकाणी पडतो, ते शब्द एकत्र दिलेले, म्हणजे एक उच्चार जमला की खालची सगळी ओळ जमे. शब्द पुरेसे झाले की छोटी वाक्ये आणि पुढे गोष्टी. सफरचंदे चोरायला झाडावर चढलेल्या पोराची गोष्ट त्यात होती. डोक्यावर दुधाचे भांडे घेऊन मनोराज्य करणाऱ्या गवळणीचीही होती. पंचतंत्रातील सातूच्या पिठाच्या मडक्याची आठवण यावी अशी. शिकलेला शब्द वाक्यात आणि गोष्टीत पुन्हा भेटला, तरच तो मुलाचा होतो, हे त्यांनी ओळखले होते.

पुस्तक खपले, पण मास्तर श्रीमंत झाले नाहीत. तेव्हा सर्व राज्यांना लागू होणारा लेखनहक्काचा कायदाच नव्हता. एका राज्यातले पुस्तक दुसऱ्या राज्यात कोणीही छापावे. वेबस्टर राज्याराज्यांत फिरले, कायदेमंडळांना अर्ज केले, व्याख्याने दिली. १७९० साली संपूर्ण देशासाठी कायदा झाला, त्यात त्यांच्या खटपटीचाही वाटा होता. संसाराची गरज भागवण्यासाठी मात्र ते छपाईचे हक्क प्रांतवार विकून रोख रक्कम घेत, आणि स्वामित्वधन प्रतीमागे जेमतेम एका सेंटच्या आसपास पडे. १७८९ साली रिबेका ग्रीनलीफ यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला आठ मुले झाली. १७९३ पासून काही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कला दैनिक चालवले. खर्च झेपेना तेव्हा १८१२ साली न्यू हेवन सोडून ॲमहर्स्ट या लहान गावी बिऱ्हाड हलवले.

तोवर मोठे काम सुरू झाले होते. १८०६ साली त्यांनी सुमारे सदतीस हजार शब्दांचा एक छोटा कोश काढला होता. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ एकच ध्यास. शब्दांची मुळे शोधण्यासाठी वीसहून अधिक भाषांचा अभ्यास केला. १८२४ साली, वयाच्या पासष्टीत, मुलाला बरोबर घेऊन पॅरिस व केंब्रिजची ग्रंथालये धुंडाळली आणि १८२५ च्या जानेवारीत केंब्रिजला हस्तलिखित संपवले. १८२८ साली दोन खंडांत कोश प्रसिद्ध झाला तेव्हा ते सत्तरीला आले होते. शब्द सुमारे सत्तर हजार, त्यांतले बारा हजार आधीच्या कोशांत नसलेले. 'स्कंक' हा तिकडचा प्राणी, 'चाउडर' हे तिकडचे कालवण, असे अमेरिकेच्या मातीतले शब्द त्यांनी मानाने आत घेतले. 'कलर'मधला यू गेला, 'सेंटर'मधली शेवटची दोन अक्षरे उलटली. सगळेच लोकांनी मानले असे नाही. 'टंग' म्हणजे जीभ; हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा, ही त्यांची सूचना कोणी घेतली नाही. शब्दांची मुळे सांगतानाही ते अनेकदा चुकले. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे नाते मांडले होते आणि युरोपातले अभ्यासक ते पुढे नेत होते. स्वभावाने हेकट असलेल्या वेबस्टर यांनी ते मनावर घेतले नाही.

कोशाच्या अडीच हजार प्रती छापल्या. किंमत वीस डॉलर, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. खप मंदच राहिला. तरीही ऐंशीच्या घरात असताना दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी राहते घर गहाण टाकले. आम्ही नोकरीत अनेक वर्षे गहाणखते पाहिली. त्या वयात घर तारण ठेवायला येणारा माणूस बहुधा मुलाच्या धंद्यासाठी किंवा दवाखान्याच्या खर्चासाठी येतो. वडिलांनी शेत गहाण ठेवले ते मुलाच्या शिक्षणासाठी, आणि मुलाने म्हातारपणी घर गहाण ठेवले ते शब्दांसाठी. हिशेबाच्या भाषेत हे कर्ज धोक्याचेच. २८ मे १८४३ रोजी वेबस्टर वारले. त्यानंतर मेरियम बंधूंनी कोशाचे हक्क विकत घेतले, १८४७ साली सहा डॉलरला आवृत्ती काढली, आणि मग तो कोश घराघरात पोहोचला.

निळ्या पुस्तकाचा खप मात्र त्यांच्या हयातीतच, त्यांच्याच अंदाजानुसार, दीड कोटीवर गेला होता. ते कोणाकोणाच्या हाती पडले हे पाहण्यासारखे आहे. बाल्टिमोर शहरात फ्रेडरिक डग्लस नावाचा एक गुलाम मुलगा होता. मालकिणीने त्याला अक्षरे शिकवायला घेतली आणि मालकाने ती शिकवणी बंद पाडली. मग तो वेबस्टर यांचे स्पेलिंगचे पुस्तक खिशात घेऊन फिरू लागला. कामावर पाठवले की वाटेत गोऱ्या मुलांना गाठायचे, त्यांच्याकडून एखादा धडा घ्यायचा, आणि फी म्हणून खिशातला पाव त्यांना द्यायचा. हाच मुलगा पुढे गुलामगिरीविरुद्धचा थोर वक्ता आणि लेखक झाला. वेबस्टर यांनी स्वतः १७९३ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती, पण उतारवयात त्या चळवळीची धार त्यांना रुचेनाशी झाली. त्यांच्या पुस्तकाने मात्र शिकणाऱ्याचा रंग विचारला नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यांच्या लढ्यातले डग्लस हे एक मोठे नाव.

वेबस्टर यांचा कोश निघाल्यानंतर तीनच वर्षांनी, १८३१ साली, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत प्रसिद्ध झाला, आणि १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण आले. आज आपल्या घरी पाठ करायला शब्दांच्या याद्या पुष्कळ आहेत. त्या पाठ करवून घेण्याआधी मुलाला रोज एक छोटी गोष्ट मोठ्याने वाचू द्यावी, अडलेल्या शब्दाची तोंडाने फोड करून द्यावी आणि तोच शब्द दुसऱ्या दिवशी वाक्यात विचारावा. याला शिकवणी लावावी लागत नाही. आजी-आजोबांनाही हे जमते.

मंडळातील अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. डेट्रॉइटकडे जाणे झाले, तर जवळच्या डिअरबॉर्न येथे ग्रीनफील्ड व्हिलेज जरूर पाहावे. हेन्री फोर्ड यांनी जुन्या वास्तू हलवून तेथे एक गावच वसवले आहे. वेबस्टर यांचे न्यू हेवनमधले घर, जिथे कोश पूर्णत्वास गेला आणि जे त्यांनी पुढे गहाण टाकले, ते तेथे उभे आहे. नातवंडे बरोबर असतील तर त्यांना ते आवर्जून दाखवावे.