छत्र्यांच्या नादी लागलेली बिअट्रिक्स

पावसाळ्यात परसात छत्र्या उगवल्या की आपण त्यांना कुत्र्याची छत्री म्हणतो आणि पायाने उडवून मोकळ्या होतो. बिअट्रिक्स पॉटरने मात्र तरुणपणीची दहाएक वर्षं या छत्र्यांपायी घालवली. मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मी चाटच पडले. मला ती ठाऊक होती मुलांच्या गोष्टींमुळे. निळा कोट घालून शेजारच्या मळ्यात भाजी चोरायला घुसणारा पीटर ससा तिचाच.

तिचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनचा. घरात कापडाच्या धंद्यातून आलेला बक्कळ पैसा. पण मुलगी म्हणून शाळा नाही, घरीच शिकवायला बाई यायच्या. मैत्रिणी जवळजवळ नाहीतच. धाकटा भाऊ, पाळलेले ससे, उंदीर आणि रंगांची पेटी, एवढंच तिचं जग. डायरी लिहायची तीही सांकेतिक लिपीत, दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून! ती लिपी उलगडली १९५८ मध्ये, ती गेल्यावर पंधरा वर्षांनी.

उन्हाळ्यात मात्र सगळं घर बाडबिस्तरा घेऊन लांब हवापालटाला जायचं, बऱ्याचदा स्कॉटलंडला. तिथली हवा थंड, माती आंबट, डोंगरावर हीदरची झुडपं आणि खाली पाईन-बर्चची रानं. अळंबीला याहून चांगलं माहेर कुठलं? १८९२ मध्ये तिथे तिची गाठ पडली चार्ल्स मॅकिंटॉश यांच्याशी. हे गावचे पोस्टमन. लाकडाच्या गिरणीत एका हाताची बोटं गमावलेली. रोज मैलोन् मैल पायी टपाल वाटता वाटता त्यांनी रानातलं शेवाळ, नेचे, अळंबी यांचा इतका अभ्यास केला होता की भल्याभल्यांनी विचारायला यावं. दोघंही मुलखाचे लाजाळू. पण विषय छत्र्यांचा निघाला आणि गट्टी जमली. पुढे ते हिवाळ्यात लंडनला ताजी अळंबी टपालाने पाठवायचे आणि ती चित्रं काढून त्यांना धाडायची. चित्रात नुसती छत्री नाही, तर उभा छेद, खालच्या पापुद्र्यांसारख्या पट्ट्या, बीजाणू, सगळं.

आता ही अळंबी रानातच का येते? आपण पाहतो ते नुसतं फळ, खरी बुरशी मातीखाली असते. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली, परीकथांच्या चित्रात हमखास दिसणारी ती छत्री बर्च-पाईनच्या मुळांवर जगते. तिचे बारीक धागे कोवळ्या मुळांच्या टोकांना मोजा चढवावा तसे वेढून बसतात. थंडीत पालापाचोळा लवकर कुजत नाही, त्यामुळे नत्र आणि स्फुरद मातीतच अडकून राहतात. ते हे धागे शोधून झाडाला पुरवतात आणि झाड पानात तयार केलेली साखर त्यांना देतं. हीदरमध्ये तर बुरशी थेट मुळाच्या पेशींतच घर करते. या संसाराला मायकोरायझा हे नाव दिलं जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी, १८८५ मध्ये. हल्ली आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात याच नावाची पाकिटं मिळतात. ती बुरशी वेगळ्या जातीची, पण देवाणघेवाण अशीच.

बिअट्रिक्सला ओढ होती ती बीजाणू रुजताना बघण्याची. घरी काचेवर बीजाणू ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. बऱ्याच जातींचे बीजाणू तिने रुजवून दाखवले. मुळांशी नातं असलेल्या जातींचं काम मात्र महाकठीण, कारण काचेवर झाडाचं मूळ कुठून आणणार?

आत्याचे यजमान सर हेन्री रॉस्को नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १८९६ मध्ये तिला क्यूच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानात नेलं. संचालकांनी फारसं मनावर घेतलं नाही. तरी तिने निबंध लिहिला आणि १ एप्रिल १८९७ रोजी तो लिनियन सोसायटीत मांडला गेला. तिने नव्हे, क्यूच्या जॉर्ज मॅसींनी! बायकांना त्या सभेत प्रवेशच नव्हता. आणखी काम करायला हवं म्हणून निबंध परत घेतला गेला, तो कायमचाच. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा संसार, हा शोधही तिचाच, असं हल्ली कुठे कुठे छापून येतं. ते खरं नाही, ते १८६० च्या दशकातच दुसऱ्यांनी मांडलं होतं. तिचं जे आहे तेच पुरेसं आहे की!

गंमत म्हणजे ससा आणि अळंबी दोन्ही एकाच मुक्कामातली. ३ सप्टेंबर १८९३ ला डंकेल्डला तिने एका दुर्मीळ, खवलेदार काळपट अळंबीचं चित्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला पत्रातून पीटरची गोष्ट लिहिली. प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१ मध्ये तिने स्वतः २५० प्रती छापल्या. पुढच्या वर्षी वॉर्न कंपनीने पुस्तक काढलं आणि ते तुफान खपलं. त्याच घरातल्या नॉर्मन वॉर्नशी १९०५ मध्ये लग्न ठरलं. धंदेवाईक माणूस म्हणून आईवडिलांनी नाकं मुरडली आणि महिनाभरातच तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. तिने लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेत घेतलं, मेंढ्या पाळल्या, ४७ व्या वर्षी विल्यम हीलिस या वकिलाशी लग्न केलं. १९४३ मध्ये जाताना चार हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेली.

अळंबीची शेकडो चित्रं तिने ॲम्बलसाइडच्या आर्मिट संग्रहाला दिली. त्यातली ५९ चित्रं १९६७ मध्ये अळंबीवरच्या एका पुस्तकात छापली गेली. १९९७ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, लिनियन सोसायटीने तिच्यावर अन्याय झाल्याचं कबूल केलं. तो निबंध मात्र अजून कुणाला सापडलेला नाही.