मेंदूचा चित्रकार

मुलांनो, अनवाणी चालताना पायात काटा रुतला, की तुम्ही चटकन पाय उचलता. दारातून आत येताच कांदा तळल्याचा वास आला, की तुम्हांला भूक लागते. काटा पायात रुततो, वास नाकात शिरतो. पण वेदना काय आणि वास काय, दोन्ही कळतात ते मेंदूमुळे. मग पायातली किंवा नाकातली खबर मेंदूपर्यंत पोहोचते कशी? ज्यांनी ही वाट बारकाईने पाहिली आणि कागदावर काढून दाखवली, त्या शास्त्रज्ञांचे नाव सान्तियागो रामोन इ काहाल.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया या डोंगराळ खेड्यात झाला. वडील शस्त्रवैद्य होते. मुलाने डॉक्टर व्हावे, असे त्यांना वाटे. मुलाला मात्र चित्रकलेचा नाद होता. तो खोडकरही होता. एकदा त्याने लाकडाची तोफ बनवली आणि शेजाऱ्यांचे फाटकच उडवून दिले! त्याबद्दल त्याला काही दिवस तुरुंगात बसावे लागले. अभ्यासात लक्ष नाही म्हणून वडिलांनी त्याला आधी केस कापण्याच्या दुकानात आणि मग जोडे शिवणाऱ्याकडे कामाला ठेवले. शेवटी १८६८ च्या उन्हाळ्यात त्यांना एक युक्ती सुचली. जुन्या कबरस्तानातली हाडे आणून ते मुलाला शरीररचना शिकवू लागले. मुलगा ती हाडे कागदावर हुबेहूब उतरवू लागला. चित्रकला आणि वैद्यक यांची अशी जोडी जमली, ती कायमची.

डॉक्टर झाल्यावर काहाल लष्करात गेले. १८७४ मध्ये त्यांना क्यूबा बेटावर पाठवण्यात आले. तेथे हिवतापाने ते अगदी खंगून गेले आणि पुढच्या वर्षी मायदेशी परतले. क्यूबात मिळालेल्या पगारातून जे पैसे उरले, ते त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्रावर खर्च केले. १८८५ मध्ये वालेन्सिया शहरात कॉलऱ्याची साथ आली. त्या वेळी काहाल यांनी कॉलऱ्याच्या जंतूंचा अभ्यास केला. त्याबद्दल सारागोसा प्रांताच्या सरकारने त्यांना एक उत्तम जर्मन सूक्ष्मदर्शक भेट दिला.

त्या काळी शास्त्रज्ञांत एक मोठा वाद होता. बऱ्याच जणांना वाटे, की मेंदूतले सगळे तंतू एकमेकांना जोडलेले असून त्यांचे एकच सलग जाळे आहे. इटलीचे कामिल्लो गोल्जी हेही असेच मानत. याच गोल्जींनी १८७३ मध्ये एक रीत शोधली होती. मेंदूच्या तुकड्यावर चांदीच्या क्षाराची क्रिया केली, की त्यातल्या मोजक्याच पेशी काळ्याभोर होतात. बाकीच्या दिसतच नाहीत. गर्दीत थोड्याच माणसांनी काळे कपडे घातले, तर ती कशी उठून दिसतील, तसेच हे! १८८७ मध्ये काहाल यांनी माद्रिद येथे असे नमुने पाहिले आणि ते थक्क झाले. त्यांनी ती रीत सुधारली. पूर्ण वाढलेल्या प्राण्यांऐवजी त्यांनी पिल्लांचे मेंदू घेतले, कारण त्यांत गुंतागुंत कमी असते. तासन्‌तास ते पाहत आणि चित्रे काढत. त्यांना दिसले, की प्रत्येक चेतापेशी वेगळी आहे. तिचे टोक दुसरीच्या अगदी जवळ जाते, पण तिच्यात मिसळत नाही.

वासाची वाट पाहा. नाकाच्या आत वरच्या बाजूला वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांचे तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात शिरतात. तेथे लहान लहान गोल गुंते असतात. एका बाजूने नाकाकडचा तंतू येतो, दुसऱ्या बाजूने मोठ्या पेशीची फांदी येते. गुंत्यात दोघी भेटतात आणि खबर पुढे जाते. काहाल यांनी चित्रात बाण काढून खबर कोणत्या दिशेने जाते, तेही दाखवले. पायातल्या काट्याची खबर अशीच मेरुरज्जूत येते, तेथे दुसऱ्या पेशीला मिळते आणि वर मेंदूकडे जाते. वेदनेबद्दल काहाल यांना आणखी एक कुतूहल होते. संमोहनाने वेदना कमी होते का, हे त्यांनी आपल्या पत्नीच्या बाळंतपणात पाहिले. वेदना बरीच कमी झाली, असे त्यांनी १८८९ मध्ये छापले.

पण स्पॅनिश भाषेतले लेखन युरोपात वाचणार कोण? १८८८ मध्ये त्यांनी पदरमोड करून स्वतःचे नियतकालिक काढले. त्याच्या अवघ्या ६० प्रती! त्या त्यांनी परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. फारसे कोणी लक्ष दिले नाही. तेव्हा १८८९ मध्ये आपले नमुने घेऊन ते थेट बर्लिनच्या परिषदेत गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेत ते एकेकाला आपल्या यंत्रातून पाहण्याची विनंती करू लागले. वृद्ध शास्त्रज्ञ आल्बर्ट कोलिकर यांनी डोळा लावला, आणि त्यांना पटले. मग काहाल यांचे नाव सगळीकडे झाले.

१९०६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेही गोल्जी आणि काहाल या दोघांना मिळून! गोल्जींनी आपल्या भाषणात जाळ्याचीच बाजू मांडली. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी स्वतंत्र पेशींची बाजू मांडली. माझ्या मते गोल्जींच्या हट्टापेक्षा त्यांची रीत मोठी. तिच्यावाचून काहाल यांना काहीच दिसले नसते.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल यांचे माद्रिद येथे निधन झाले. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोन चेतापेशींमधली बारीक फट स्पष्ट दिसली. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी नाकातल्या पेशी वास कशाने ओळखतात, ते शोधले. एका प्रकारच्या पेशींचे तंतू ठरावीक गुंत्यांतच जमतात, हेही पुढे कळले. हे तेच गोल गुंते, जे काहाल यांनी शंभर वर्षांपूर्वी शाईने कागदावर काढले होते.