रॉस यांचा हिशेब

मेरठला १८५७ च्या स्वातंत्र्यसमराची ठिणगी पडून तीनच दिवस झाले असता, अल्मोड्यात एका गोऱ्या सेनाधिकाऱ्याच्या घरी रोनाल्ड रॉस जन्मले. त्या राज्यसत्तेविषयी आम्हांस ममत्व नाही. परंतु या माणसाचे ऋण मानणे भाग आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी हैदराबादेतील बेगमपेठेत त्यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. (त्यासाठी डास चावून घेणाऱ्या हुसेनखानाच्या पदरी डासामागे एक आणा पडला!) १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि लोकांनी त्यांची कथा तेथेच संपविली.

आमच्या मते त्यांचे मोठे कार्य पुढेच आहे. लाहोरनजीकच्या मियां मीर छावणीत डासनिर्मूलनाचा प्रयोग फसला, तेव्हा सारे डास मरणे अशक्य, मग हा खटाटोप कशाला, असा सूर सरकारी वैद्यांनी लावला. रॉस यांनी उत्तर आकड्यांत दिले. मॉरिशसमधील मुलांच्या वाढलेल्या प्लीहा तपासून त्यांनी गावोगावचे रोगमान काढले आणि १९०८ च्या अहवालात हिशेब मांडला. चारांतील एक डास माणसास चावतो, तीनांतील एक जंतू पक्व होईतो जगतो व उरलेल्या चारांतील एकच पुन्हा माणसास चावतो असे धरले, तर अठ्ठेचाळीसांतील एकच रोग पोहोचवितो. म्हणजे डास ठरावीक मर्यादेखाली आणले, की काही उरूनही साथ ओसरते!

१९३२ साली रॉस वारले. २०२० च्या करोना साथीत एक रुग्ण किती जणांस बाधा देतो, याचे राज्यवार आकडे निघाले. त्यांचे मूळ या हिशेबात आहे.