'वाळूचे कोडे' लिहिणारा बंडखोर

जेम्स बाँडच्या जन्माआधी बरोबर पन्नास वर्षे, म्हणजे १९०३ साली, लंडनमध्ये 'द रिडल ऑफ द सँड्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. आधुनिक हेरकथेचा पाया घालणाऱ्या मोजक्या पुस्तकांत तिची गणना होते. तिचे लेखक अर्स्किन चिल्डर्स यांनी पुन्हा कादंबरी लिहिली नाही. त्यांचे पुढील आयुष्यच एखाद्या थरारकथेला मागे टाकणारे ठरले.

चिल्डर्स यांचा जन्म २५ जून १८७० रोजी लंडनमध्ये झाला. वडील रॉबर्ट सीझर चिल्डर्स हे सिलोनच्या सनदी सेवेत होते. पाली-इंग्रजी शब्दकोश रचणारे म्हणून पालीच्या अभ्यासकांना त्यांचे नाव आजही परिचित आहे. क्षयाने त्यांचे अकाली निधन झाले आणि आईलाही त्याच रोगामुळे मुलांपासून दूर राहावे लागले. पोरकी झालेली ही भावंडे आयर्लंडमधील विकलो परगण्यात, आजोळच्या बार्टन कुटुंबात वाढली. इंग्लंड आणि आयर्लंड अशा दोन निष्ठा त्यांच्या मनात रुजल्या त्या इथेच.

केंब्रिजचे शिक्षण आटोपून ते ब्रिटिश संसदेत कारकून झाले. बोअर युद्धात स्वयंसेवक म्हणून लढूनही आले. मात्र खरे वेड समुद्राचे होते. 'व्हिक्सन' नावाच्या छोट्या शिडाच्या नौकेतून १८९७ साली त्यांनी जर्मनीच्या फ्रिजियन बेटांचा परिसर पालथा घातला. भरतीला बुडणारे आणि ओहोटीला उघडे पडणारे तेथील वाळूचे पट्टे त्यांच्या कादंबरीची रंगभूमी बनले. डेव्हिस आणि कॅरुथर्स हे दोन तरुण इंग्रज जलपर्यटनाच्या निमित्ताने तेथे जातात आणि जर्मनीच्या एका गुप्त बेताचा त्यांना सुगावा लागतो. उथळ खाड्यांतून सपाट तळाच्या नौका ओढून नेऊन इंग्लंडवर सैन्य उतरवायचे, असा तो बेत. पिस्तुलांची चकमक जवळजवळ नाहीच. नकाशे, धुके, भरती-ओहोटीची वेळापत्रके यांतूनच उत्कंठा वाढत जाते. पूर्व किनाऱ्याच्या संरक्षणातील ढिलाई इंग्रज सरकारला दाखवून द्यावी, हा लेखकाचा उघड हेतू होता. प्रेमकथेचा धागा तेवढा ओढून-ताणून आणल्यासारखा वाटतो.

साम्राज्याची एवढी काळजी वाहणारा हा लेखक पुढे आयर्लंडच्या स्वराज्याचा पुरस्कर्ता झाला. अमेरिकन पत्नी मॉली यांचाही या बदलाला मनापासून पाठिंबा होता. २६ जुलै १९१४ रोजी या दांपत्याने आपल्या 'अॅस्गार्ड' नौकेतून हॅम्बुर्गमध्ये खरेदी केलेल्या ९०० रायफली डब्लिनजवळील हाउथ बंदरात आयरिश स्वयंसेवकांसाठी उतरवल्या. अवघ्या काही दिवसांत महायुद्ध पेटले आणि चिल्डर्स ब्रिटिश नौदलात रुजू झाले! कुक्सहाफेनवरील हवाई हल्ल्यात, म्हणजे कादंबरीतल्याच किनाऱ्यावर, त्यांचे त्या परिसराचे ज्ञान उपयोगी पडले. शौर्यपदकही मिळाले.

युद्धानंतर मात्र त्यांनी डब्लिन गाठले आणि सिन फेनच्या प्रचाराची धुरा उचलली. १९२१ च्या लंडन वाटाघाटींत ते आयरिश शिष्टमंडळाचे सचिव होते, पण ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ मान्य करणारा करार त्यांना पटला नाही. यादवी युद्धात ते करारविरोधकांच्या बाजूने गेले. त्यांच्या हातात लेखणी होती, तरी नव्या सरकारने त्यांना बंडाचा सूत्रधार मानले. इंग्रजांच्या लेखी ते फितूर, तर अनेक आयरिश नेत्यांच्या लेखी उपरे इंग्रज होते.

१० नोव्हेंबर १९२२ रोजी, बालपण जेथे गेले त्याच बार्टन कुटुंबाच्या घरात त्यांना अटक झाली. जवळ एक लहानसे पिस्तूल सापडले. ते मायकेल कॉलिन्स यांनीच मैत्रीच्या काळात भेट दिले होते, असे सांगितले जाते. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला तेव्हा देहदंडाची शिक्षा होती. लष्करी न्यायालयाने ती सुनावली आणि अपील प्रलंबित असतानाच २४ नोव्हेंबरला डब्लिनमधील बेगर्स बुश बराकीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यापूर्वी त्यांनी बंदूकधारी पथकातील प्रत्येक सैनिकाशी हस्तांदोलन केले.

आपल्या मृत्यूला जबाबदार असणाऱ्यांशीही हात मिळवावा, असे वचन त्यांनी सोळा वर्षांच्या मुलाकडून आदल्या भेटीत घेतले होते. अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स हा तो मुलगा १९७३ साली आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.