आगकाड्यांना चालायला लावणारे दादासाहेब

धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव घेतले, की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसमोर आला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मात्र हरिश्चंद्राच्या आधी फाळके यांनी पडद्यावर एक वाटाण्याचा वेल वाढवला होता आणि पुढे काही वर्षांतच साध्या आगकाड्यांना चालायला लावले होते. निर्जीव वस्तूला एकेका चौकटीने गती देण्याच्या ज्या कलेला आज अ‍ॅनिमेशन म्हणतात, तिचा आपल्या देशातील आरंभ त्यांच्या हातून झाला.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. घराण्याची परंपरा वेदशास्त्रांची. मुलाची ओढ मात्र चित्रांकडे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि पुढे बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम असे बरेच काही आत्मसात केले. जादूचे प्रयोगही ते शिकले. गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून बस्तान बसत असतानाच प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. त्यानंतर पुरातत्त्व खात्यातील नोकरी, स्वदेशीच्या वाऱ्यात तिचा त्याग, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळाछपाईचे काम, स्वतःचा छापखाना आणि भागीदारांशी बेबनाव असा प्रवास झाला. चाळिशीच्या उंबरठ्यावर हाती कला होती, व्यवसाय नव्हता.

त्या सुमारास गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर येशूच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. या ध्यासात जागरणे झाली, डोळ्यांवर ताण आला आणि काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि काही आठवड्यांत हे तंत्र शिकून, यंत्रसामग्रीची व्यवस्था करून परतले.

आता भांडवल हवे होते आणि सावकाराला पटेल असा पुरावाही. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत उलगडली. बी फुटून वेल सरसर वर चढताना पाहिल्यावर पैसे पुरवणारा तयार झाला. उरलेली रक्कम सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून उभी राहिली. या माउलीने मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि रात्री फितीला छिद्रे पाडण्याचे कामही केले.

‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ यांनी नाव मिळाले. तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. भांडवलदारांनी हात आखडता घेतला, मोठा चित्रपट अवघड झाला. याच युद्धकाळातील ‘आगकाड्यांची मौज’. तिला ना नट लागत, ना वेशभूषा. काडी किंचित सरकवायची, एक चौकट घ्यायची; पुन्हा सरकवायची, पुन्हा एक चौकट. मूकपटाला सेकंदाला साधारण १६ चौकटी लागत. म्हणजे एका मिनिटासाठी काड्यांची मांडणी साडेनऊशेच्या आसपास वेळा करावी लागे. फ्रान्समध्ये एमील कोल यांनी १९०८ साली काड्यांचा असा खेळ पडद्यावर आणला होता. आपल्याकडे तो एका कर्जबाजारी माणसाने एकट्याच्या चिकाटीवर साधला. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये त्यांनी नाण्यांकडून करामती करून घेतल्या, तर स्वतःच्या आडनावाची अक्षरे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूगार म्हणूनही पडद्यावर आले.

१९१७ च्या ‘लंकादहन’ने पुन्हा सुबत्ता आणली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पण १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी त्यांचे जुळले नाही. रुसून ते काशीला गेले, नाटक लिहिले, परत आले. तोवर चित्रपटाचा धंदा बदलला होता. बोलपटांनी मूकपटांचे दिवस संपवले. १९३७ साली कोल्हापुरात केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपटही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, विपन्नावस्थेत आणि जवळजवळ विस्मृतीत, त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले हे रोप तसे उपेक्षितच राहिले. प्रभात कंपनीने १९३४ साली ‘जंबू काका’ हे व्यंगपट केले. सरकारी फिल्म्स डिव्हिजनने व्यंगपटांचा विभाग १९५६ मध्ये उघडला, तेव्हा शिकवायला डिस्नेकडील कलावंत क्लेअर वीक्स आले. फाळके यांनी एकट्याने मिळवलेली विद्या पुढच्या हाती देणारी शाळा मधल्या काळात उभीच राहिली नाही.

१९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. ‘आगकाड्यांची मौज’ मात्र आज उपलब्ध नाही. तिचे नाव तेवढे उरले आहे. आज घरोघरी मुले पडद्यावरची हलती चित्रे पाहत जेवतात. त्या चित्रांच्या भारतीय वंशावळीत सर्वांत वर कुंडीतला एक वाटाणा आहे आणि त्यापुढे तासन्‌तास बसलेले, नुकतीच दृष्टी परत मिळालेले दादासाहेब आहेत.