पूर्वपक्षाचा मान राखणारे पंडित

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडावे आणि मगच त्याच्या खंडनास हात घालावा, ही आपल्याकडील शास्त्री मंडळींची जुनी शिस्त. ही शिस्त ख्रिस्ती धर्मचर्चेत घेऊन जाणारे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे आज महाराष्ट्राच्या जवळजवळ विस्मरणात गेले आहेत.

१८२५ साली झाशीजवळ एका चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि अध्ययन काशीत. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू धर्माची झडती घेतली, तेव्हा जेमतेम विशीतील नीळकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचून त्यास संस्कृतातच उत्तर दिले. धर्माच्या प्रांतात तर्काने शास्त्राचे अनुचर असावे, धनी होऊ नये, ही त्यांची तेव्हाची भूमिका. पुढे विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे ते गेले, तेही त्यास निरुत्तर करण्याच्या ईर्ष्येने. परंतु खंडनासाठी बायबल वाचणे प्राप्त होते. आणि प्रामाणिक वाचकाला जो धोका असतो तो येथेही होताच. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या झाले. काशीच्या विद्वत्समाजातील मानाचे स्थान व आप्तांचा आश्रय यांवर एका दिवसात पाणी सोडावे लागले.

१८६० चा ‘षड्दर्शन दर्पण’ हा त्यांचा प्रमुख हिंदी ग्रंथ. वेदान्तावरील त्यांचा आक्षेप मूलतः नीतीचा होता. पाप-पुण्याचा भेद केवळ व्यवहारापुरता खरा आणि परमार्थतः नाहीच, असे ठरले तर सदसद्विवेकाला आधार कोणता? शांकर मताचे अभ्यासक यास उत्तर देतील, आणि ते दुबळे असेल असे नाही. व्यवहार मिथ्या म्हणणारा वेदान्तीही चित्तशुद्धीवाचून ज्ञान मानीत नाही. तथापि सत्तेचे तीन प्रकार समजावून न घेताच मायावादाची टर उडविणाऱ्या तत्कालीन प्रचारकांपेक्षा गोऱ्ह्यांची पातळी निराळी होती, एवढे विरोधकासही मान्य करावे लागेल. अनन्यभक्ती, वैराग्य, क्षमा यांच्या हिंदू शिकवणीनेच आपणांस ख्रिस्ताकडे येण्यास सिद्ध केले, असेही ते मानीत.

उत्तरायुष्यात त्यांचे बरेच कार्य मुंबई व पुणे येथे झाले. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ पासून खुला झाला होता. खंडाळा-लोणावळ्यावरून मावळ ओलांडणाऱ्या त्या वाटेने दोन्ही शहरांतील वादविवाद एकमेकांच्या कानी लवकर पडू लागले. प्रार्थनासमाजाच्या मतांशीही गोऱ्ह्यांचा वाद होता. पुण्यातील पंचहौद मिशनचे नाव आपल्याकडे १८९० च्या चहापानामुळेच निघते. रानडे-टिळकांच्या प्रायश्चित्ताची चर्चा रंगते आणि तेथील धर्मविचार मात्र बाजूस पडतो.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मताची बौद्धिक खात्री पटविण्यात गोऱ्ह्यांच्या विवेचनाचा मोठा वाटा होता. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतर तेथील धर्मभगिनींनी चर्चचा अधिकार निमूटपणे मानण्याचा आग्रह धरला, तेव्हा रमाबाईंनी साफ नकार दिला. बायबल स्वतः वाचून पटेल तेवढेच त्या स्वीकारीत. गोऱ्ह्यांचा कल चर्चच्या परंपरागत अधिकाराकडे होता, त्यामुळे ही स्वतंत्र वृत्ती त्यांना रुचण्यासारखी नव्हती. तरीही विचारल्यावाचून मानू नये, हा हट्ट तरुण नीळकंठशास्त्र्यांचाच होता. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले, तोवर रमाबाईंचे शारदासदन पुण्यात येऊन चार-पाच वर्षे झाली होती आणि धर्मांतराच्या प्रश्नावरून शहरात त्यावर टीकेचे मोहोळ उठून गेले होते.